कोपर

एसी सोळावर कोण नेऊन ठेवतं, हे साऱ्या मजल्याला माहीत आहे.
बाहेर महापेच्या उन्हात ट्रकवाले
ओला रुमाल तोंडावर टाकून झोपलेले,
आणि मी आत, चौथ्या मजल्यावर, ऐन एप्रिलात शाल घेऊन
बिलं तपासते,
मधूनच बोटं मांड्यांखाली धरते.

मढवी. अनुप मढवी, ऑडिट.
टाइप करतो की खलबत्त्यात आलं कुटतो, कळत नाही.
तीन फुटांवर समोर बसून मेल पाठवतो:
‘खालच्या मेलनुसार’, ‘कृपया पुन्हा एकदा पाहावे’.
सीसीमध्ये नंबियार सर, सरांचे सर,
आणि मला वाटतं, घणसोलीची गावदेवीसुद्धा.
माझा एक शून्य चुकला होता दिवाळीच्या आधी.
अजून पिवळा करून ठेवलाय शीटमध्ये,
स्मारकासारखा.
माझा स्टेपलर जानेवारीपासून त्याच्याकडे आहे.
अशा माणसाला कोपरापासून नमस्कार.

घरी आले की दुसरी नोकरी सुरू. अंगठ्याची.
आई गवार निवडते,
मी समोर बसून माणसं.
तिची भाजी तरी होते.

सीवूड्सचा एक, पाच फूट अकरा इंच,
मॉलच्या सरकत्या जिन्यावर माझ्या वरच्या पायरीवर असेपर्यंत.
एकाने वाशीच्या खाडीकाठी
दीड तास जुन्या मैत्रिणीचा ताळेबंद मांडला
आणि मलाच विचारलं, सांग, चूक कोणाची?
शिवाय कणसाचे माझ्या वाट्याचे पंचवीस रुपये.
क्यूआर कोड तयारच होता त्याचा.
आणि बेलापूरचा तो,
बावीस दिवस रोज ‘जेवलीस का?’ विचारणारा,
तेविसाव्या दिवसापासून नाही.
मी जेवते आहे अजून.
कोणाला कळवायचं?

तर काल रात्री पावणेअकराला अंगठा थांबला.
अनुप, छत्तीस. दोन किलोमीटरवर.
आवड: शांतता.
(मी इतकी हसले की आई उठून आली.)
खाली लिहिलं होतं,
‘बोलायला वेळ लागतो मला. लिहून बरं जमतं.’
ही ओळ मी तीनदा वाचली,
ऑडिटची हरकत वाचावी तशी.

फोटो कर्जतच्या त्या सक्तीच्या सहलीतला.
कंपनीचा निळा टी-शर्ट, हातात वाटीभर मिसळ,
आणि हसतोय.
याला दात आहेत हे सहा वर्षांत दिसलं नव्हतं.
कडेला, कापता कापता राहून गेलेलं,
कोणाचं तरी कोपर.
त्यावर तिरका पांढरा व्रण.
सातवीत, सेक्टर सहाच्या उतारावर,
ब्रेक नसलेल्या सायकलवरून मी पडले होते
त्याचा.

कोपरखैरण्यात जन्म गेला,
नावावरचे सगळे विनोद ऐकून झालेत.
पण दुसऱ्याच कोणाला शोधायला निघालेल्या माणसाच्या फोटोत
आपण कोपराएवढे उरावं,
यावर काय म्हणायचं, मला सुचलं नाही.
डावीकडे नाही, उजवीकडे नाही,
फोन उशीखाली सरकवला.
मग आठवलं, माझा फोटोही त्याच सहलीतला.
त्यालाही दिसला असणार.
त्यात मी एकटीच आहे.
मी त्याला नीट कापलं होतं.

आज एसी सोळावरच.
स्टेपलर तिकडेच.
नंबियार सर कोणावर तरी फोनवर ओरडतायत.
अकराला मेल आला: ‘कृपया पाहावे.’
सीसी रिकामा.
पाहावे असं खाली काहीच नव्हतं.

मी शाल ओढून दोन्ही कोपरं झाकली
आणि लिहिलं,
‘अटॅचमेंट राहिली आहे बहुतेक.’

तीन फुटांवर
आलं कुटायचं थांबलं.